पहिली चकमकीची बंदूक घेताना: आधी लॉक बघा, बाकीचं नंतर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम लागतो. १९७४ साली सुरू झालेला हा हंगाम चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या बंदुकांसाठी राखलेला आहे. काडतुसांची आधुनिक रायफल त्यात चालत नाही, अठराव्या शतकातल्या तंत्राचीच बंदूक लागते. त्यामुळे ठासणीची बंदूक कधी हातात न धरलेले कितीतरी लोक हिवाळ्याच्या तोंडावर दुकानाची पायरी चढतात. समोर लाकडी दस्त्याच्या, पितळी नक्षीच्या, लांबलचक नळ्यांच्या बंदुकांची रांग असते. एक काहीशे डॉलरला, शेजारची तिच्या तिप्पट किमतीला, आणि दिसायला दोघी बहिणी. बहुतेकजण मग नळीची लांबी, लाकडाचा रंग आणि किंमत बघून निवड करतात. घरी गेल्यावर कळतं की चाप ओढला की दहातल्या चार वेळा नुसता खट् असा आवाज येतो.

हे टाळता येतं. मात्र त्यासाठी ही बंदूक उडते कशी, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

बंदूक उडते कशी

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने तळापर्यंत ठासावी लागते. तळाची ती दारू पेटवायची कशी, यावरून या बंदुकांचे प्रकार पडतात. सर्वांत जुन्या प्रकारात जळता तोडा वापरत. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडतात. त्यानंतर आली टोपीची बंदूक. तिच्यात स्फोटक मसाला भरलेली तांब्याची छोटी टोपी घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर झेपावणाऱ्या भागाच्या आघाताने उडते.

चकमकीच्या ज्या रचनेबद्दल आपण बोलतोय ती फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास आकाराला आली. मारँ ल बुर्ज्वा या कारागिराला तिचं श्रेय दिलं जातं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातल्या फौजा याच रचनेवर लढल्या. १८०७ साली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे टोपी आली आणि चकमक मागे पडली.

बंदुकीच्या बाजूला जी यंत्रणा असते तिला लॉक म्हणतात. तिच्या घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गारगोटी घट्ट धरलेली असते. समोर एक उभी पोलादी पट्टी असते, तिचं नाव फ्रिझन. फ्रिझनच्या बुडाशी एक छोटी वाटी, आणि वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. वाटीच्या शेजारी नळीला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानातून आत गेलं की थेट तळाची दारू.

चाप ओढला की घोडा झेपावतो. गारगोटीची धार फ्रिझनवरून खरवडत खाली येते आणि पोलादाचे सूक्ष्म कपचे सोलून काढते. ते कपचे तापून जळतात, त्याच ठिणग्या. म्हणजे जळतं ते पोलाद, गारगोटी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. त्याच धक्क्याने फ्रिझन पुढे उलटतं, वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकीत पडतात, रंजक भडकते आणि तिची झळ कानातून आत जाऊन मुख्य दारू पेटवते.

शेकोटी पेटवताना काडी, मग सुकं गवत, मग ओंडका असा क्रम असतो, तसाच हा आहे. एक कडी चुकली की पुढचं सगळं अडतं. टोपीच्या बंदुकीत ही साखळी आखूड असते, टोपी उडाली की झालं. चकमकीत मात्र सगळा भार पहिल्या कडीवर, म्हणजे लॉकवर असतो. म्हणूनच सांगतो, कारखान्याची चकमकीची बंदूक घेताना तुम्ही पैसे मोजता ते खरं तर लॉकसाठी. नळ्या आज बहुतेक सगळ्या कारखान्यांच्या बऱ्या असतात. लॉकच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

कारखान्याची म्हणजे कुठली

या बंदुकांचे ढोबळ दोन वर्ग. एक, कारागिराने एकेक करून घडवलेली. तिच्यासाठी बरेच महिने, कधी काही वर्षं थांबावं लागतं आणि किंमतही तशीच असते. दुसरा, कारखान्यात तयार होऊन दुकानात आलेली. पहिल्यांदा घेणारा बहुधा दुसऱ्या वर्गाकडेच वळतो, आणि त्यात काही गैर नाही.

या वर्गात इटली आणि स्पेनचं वर्चस्व आहे. इटलीच्या ब्रेशा प्रांतातलं गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बनवणारं गाव. १९५७ मध्ये स्थापन झालेली दाविदे पेदेरसोली ही कंपनी तिथलीच. केंटकी पद्धतीच्या लांब रायफलींपासून ब्राऊन बेस आणि शार्लव्हिल या लष्करी मस्केटींपर्यंत (आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकांपर्यंत) तिची यादी मोठी आहे. लायमन या अमेरिकन कंपनीच्या नावाने वर्षानुवर्षं विकली गेलेली ग्रेट प्लेन्स रायफलही इटलीतच, इन्व्हेस्टआर्मच्या कारखान्यात बनत असे. स्पेनच्या बास्क भागातली आर्देसा कंपनी जे बनवते ते अमेरिकेत ट्रॅडिशन्स या नावाने मिळतं, आणि पहिल्या खरेदीत लोकांच्या नजरेला सर्वांत आधी पडणाऱ्या कमी किमतीच्या बंदुका बहुधा याच असतात. अमेरिकेची स्वतःची गाजलेली कारखानी बंदूक म्हणजे थॉम्पसन सेंटरची हॉकेन. ती १९७० मध्ये बाजारात आली. आता ती नवी मिळत नाही, पण वापरलेली भरपूर फिरते.

युरोपातल्या या बंदुकांचा एक मोठा फायदा कुणी फारसा सांगत नाही. इटली आणि स्पेनमध्ये प्रत्येक नळीची सरकारमान्य चाचणी होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी टिकते का ते पाहतात आणि मगच तिच्यावर शिक्का मारतात. इटालियन नळीवर काळ्या दारूच्या चाचणीची पीएन ही अक्षरं आणि एका छोट्या चौकटीत सालाची खूण असते. वापरलेली बंदूक किती जुनी आहे, हे त्या चौकटीवरून विक्रेत्याला न विचारता कळतं. अमेरिकेत अशी चाचणी कायद्याने सक्तीची नाही.

लॉक कसं पारखायचं

दुकानदाराची परवानगी घ्या, नळी रिकामी असल्याची खात्री करा (ती कशी करायची ते पुढे येतंच), तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि लॉककडे वळा.

पहिली गोष्ट घोड्याच्या दोन थांब्यांची. अर्ध्यावर ओढल्यावर घोडा एका खाचेत अडकतो, पूर्ण ओढल्यावर दुसऱ्या. अर्ध्या थांब्यावर असताना चाप दाबला तर घोडा सुटता कामा नये. पूर्ण थांब्यावर असताना अंगठ्याने घोडा पुढे ढकलला तरीही तो जागचा हलता कामा नये. यातली एकही अट मोडली तर ती बंदूक तिथेच खाली ठेवा. किंमत कितीही उतरवून दिली तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट ठिणग्यांची. दुकानात शक्य असेल तर दिवे मंद करायला सांगा, नाहीतर सावलीत जा. फ्रिझन बंद करून घोडा सोडा. चांगल्या लॉकमधून जाड, पिवळट-पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका निघतो आणि तो वाटीच्या मध्यात पडतो. खाली पडल्यावरही त्या क्षणभर जळत राहतात, कधी तडतडतातसुद्धा. कमकुवत लॉकच्या ठिणग्या लालसर, बारीक असतात आणि वाटीपर्यंत पोचेतो विझतात. काही लॉकमध्ये ठिणग्या चांगल्या निघतात, पण वाटीच्या पुढे उडतात. तीही उपयोगाची नाहीत.

एकदा पाहून समाधान मानू नका, लागोपाठ पाच-सहा वेळा करून बघा आणि नंतर फ्रिझनचा चेहरा नीट न्याहाळा. त्यावर वरून खाली सलग, उथळ, बारीक खरवडा दिसायला हवा, आणि तोही वरच्या भागापासून सुरू झालेला. एकाच जागी खोल खड्डे पडत असतील तर पोलाद मऊ आहे, गारगोटी त्यात रुतते. उलट चेहरा जवळजवळ कोरा राहत असेल तर पोलाद प्रमाणाबाहेर कडक आहे, गारगोटी त्यावरून नुसती घसरते. जळणारे कपचे पोलादाचे असतात हे वर सांगितलं, त्याचं महत्त्व इथे कळतं. पोलादाला पाणी बरोबर दिलेलं नसेल तर जगातली सर्वांत चांगली गारगोटीसुद्धा काही करू शकत नाही.

तिसरी गोष्ट दोन स्प्रिंगांच्या तोलाची. घोड्याची मुख्य स्प्रिंग जोरकस हवी आणि फ्रिझनची स्प्रिंग त्या मानाने हलकी. फ्रिझनची स्प्रिंग फार ताठ असली तर आघात गारगोटीची धार मोडतो. फार सैल असली तर फ्रिझन खरवडा पुरा होण्याआधीच उलटतं. उलटल्यावर ते पुढेच राहिलं पाहिजे. परत आपटून वाटीवर बसत असेल तर तोल बिघडलेला आहे.

आणि गारगोटी? नव्या बंदुकीसोबत बऱ्याचदा यंत्राने कापलेला अॅगेटचा (अकीक दगडाचा) चौकोनी तुकडा येतो. त्याची धार जाडसर असते आणि ठिणग्या कमी पडतात. त्याऐवजी इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या ब्रँडनची काळी किंवा फ्रान्सची मधाच्या रंगाची, हाताने फोडून धार काढलेली गारगोटी लावली की तीच बंदूक एकदम सुधारते. त्यामुळे दुकानातल्या परीक्षेला जाताना खिशात अशा दोन-तीन गारगोट्या वेगवेगळ्या मापांच्या घेऊन जा. अॅगेटवर नापास झालेलं लॉक हाताने फोडलेल्या गारगोटीवर पास झालं तर घ्यायला हरकत नाही. तिच्यावरही नापास झालं तर दोष लॉकचाच.

घेतल्यानंतर लॉक कच्चं निघालं तरी एक वाट उरते. एल अँड आर ही अमेरिकन कंपनी थॉम्पसन सेंटर, लायमन अशा काही कारखानी बंदुकांसाठी बदली लॉक बनवते. पण बदली लॉकचा खर्च मूळ किमतीत धरून मगच स्वस्त-महाग ठरवावं.

कान: एवढंसं भोक, पण फार मोलाचं

रंजकीची झळ ज्यातून आत जाते तो कान साधारण दीड ते दोन मिलिमीटर रुंद असतो. त्याची जागा महत्त्वाची. तो वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत असावा. फार खाली असेल तर रंजक त्याच्या तोंडाशी साचते आणि आधी ती हळूहळू जळत आत जाते, मग बार उडतो. चाप ओढल्यावर फुस्स... आणि मग धडाम, असा जो लांबलेला आवाज ऐकू येतो त्याचं एक मोठं कारण हेच. बऱ्याच कारखानी बंदुकांत कानाला स्क्रूसारखी बदलता येणारी पुंगळी असते. आतून शंकूसारखी कोरलेली पुंगळी असेल तर मुख्य दारू झळीच्या अगदी जवळ येते आणि बार झटपट उडतो. पुंगळी बदलता येते का, एवढं विक्रेत्याला जरूर विचारा.

नळी, चऱ्या आणि व्यास

रायफलच्या नळीत आतून पिळदार चऱ्या कोरलेल्या असतात, त्यांच्यामुळे गोळीला गिरकी मिळते. चऱ्या किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात ते १:४८, १:६६ अशा आकड्याने सांगतात. चकमकीच्या बंदुकीत बहुतेक वेळा शिशाची गोल गोळी वापरतात, ती कापडाच्या तेलकट चकतीत बसवून आत ढकलायची असते. गोल गोळीला मंद पीळ मानवतो, म्हणजे १:६० किंवा त्याहून मंद. ग्रेट प्लेन्स रायफलचा पीळ १:६० होता. हॉकेनचा १:४८ आहे, तो गोल गोळी आणि लांबट गोळी या दोघींना सांभाळून घेणारा मध्यममार्ग. १:२८ सारखा जलद पीळ आधुनिक, प्लास्टिकच्या वेष्टनातल्या गोळ्यांसाठी असतो, चकमकीच्या पहिल्या बंदुकीसाठी तो नको.

नळीच्या व्यासाबद्दल फार विचार करत बसू नका. पन्नास कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच व्यास, पहिल्या खरेदीला सर्वांत सोयीचा. त्याच्या गोळ्या, चकत्या, गजाची टोकं सगळीकडे मिळतात. ०.४९० इंचाची गोल गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची असते. ४५ कॅलिबरची साधारण सव्वाआठ ग्रॅमची, तिला दारू आणि शिसं कमी लागतं आणि धक्का हलका बसतो, लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना ती आवडते. ५४ कॅलिबरची साडेचौदा ग्रॅमच्या आसपास, मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी. शिकारीचा विचार असेल तर तुमच्या राज्याचा किमान व्यासाचा नियम आधी बघा.

लांबीचं मात्र बघायला हवं. चाळीस इंची नळीची रायफल चित्रात देखणी दिसते, पण तिचा भार पुढे असतो. खांद्याला लावून मिनिटभर धरून बघा. हात थरथरला तर आखूड नळीची, अर्ध्या दस्त्याची (नळीखाली अर्ध्यापर्यंतच लाकूड असलेली) हॉकेन पद्धतीची बंदूक घ्या.

डावखुऱ्यांसाठी पर्याय थोडे आहेत. नेहमीची उजवी बंदूक डाव्या खांद्यावर घेतली की वाटीतला भडका तोंडाजवळ येतो. काहीजण तशाही चालवतात, पण डाव्या लॉकची बंदूक मिळेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर थांबावं. डोळ्यांवर चष्मा तर उजव्या-डाव्या सगळ्यांनाच हवा.

«आधी टोपीची घ्या, चकमक नंतर शिका»

हा सल्ला प्रत्येक नवख्याला मिळतो. त्यात तथ्य आहे. टोपीची बंदूक दमट हवेत जास्त भरवशाची, तिला कमी निगुतीने भरलं तरी ती उडते आणि पर्यायी दारूही चालवून घेते. फक्त ठासणीची गोडी आहे का ते पाहायचं असेल तर टोपीची घ्यावी.

पण ज्याला चकमकच हवी आहे, त्याने मधे टोपीचा मुक्काम करायची गरज नाही असं माझं मत आहे. दोन्हींची भरण्याची आणि साफ करण्याची पद्धत जवळजवळ सारखी. चकमकीत जास्तीचं शिकायचं ते तीन गोष्टींत: गारगोटी बसवणं, रंजक बेताने घालणं आणि भडका दिसला तरी नेम न सोडणं. यातली एकही गोष्ट टोपीच्या बंदुकीवर शिकता येत नाही. चकमक हळू उडते ही तक्रारही पुरती खरी नाही. नीट जुळवलेल्या लॉकमध्ये भडका आणि बार यांतलं अंतर कानाला वेगळं जाणवतही नाही. बहुतेक वेळा नेम चुकतो तो डोळ्यासमोरच्या भडक्याने माणूस दचकतो म्हणून, आणि ते सरावाने जातं.

«कुठलीही काळी दारू चालेल ना?»

नाही. नवख्यांचा सर्वाधिक हिरमोड इथेच होतो.

अस्सल काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती चटकन पेट घेते. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन अशा पर्यायी दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीचा जोरदार झोत ती देतो, रंजकीची झळ बहुधा देत नाही. मग बार फुसका जातो आणि माणूस बंदुकीला दोष देतो. म्हणून बंदूक घेण्याआधी तुमच्या भागात अस्सल काळी दारू मिळते का, हे बघा. अमेरिकेत ती स्फोटकांत मोडते, त्यामुळे बरीच दुकानं ती ठेवत नाहीत आणि मागवून घेताना धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं. अशा बंदुकांसाठी ५० पौंडांपर्यंत काळी दारू संघराज्याच्या परवान्याशिवाय घेता येते, तरी राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात.

पुरवठ्याचीही खात्री धरू नका. लुइझियानातला गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं आणि काळी दारू मिळेना. पुढच्या वर्षी तो एस्टेस या कंपनीने विकत घेतला. स्वित्झर्लंड आणि जर्मनीची दारूही अमेरिकेत येते.

दाण्याच्या जाडीप्रमाणे दारूला एफची संख्या देतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. ५० कॅलिबरला दोन किंवा तीन एफ, रंजकीला चार एफ. तीन एफचीच रंजकही चालते, त्यामुळे एकाच डब्यावर भागू शकतं. किती भरायची ते कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तोच आकडा खरा मानावा.

काडतुसांची आधुनिक धूरविरहित दारू मात्र या नळीत चिमूटभरही घालायची नाही. नळी फुटते. हात जातो, डोळे जातात, जीवही जाऊ शकतो.

«मग सर्वांत स्वस्त का घेऊ नये?»

स्वस्त बंदूक वाईटच असते असं नाही. वरच्या परीक्षेत पास झालेली कमी किमतीची बंदूक वर्षानुवर्षं चालते. अडचण अशी की कमी किमतीत लॉक लहान आणि हलकं येण्याची शक्यता जास्त, आणि दोन सारख्या बंदुकांत फरकही जास्त. म्हणून स्वस्त घ्यायची तर डोळ्यांनी बघून, हाताने तपासून घ्या, खोका घरपोच मागवून नको. घरपोचच घ्यायची असेल तर परत करण्याच्या अटी लेखी मागा.

भारतात बनलेल्या मस्केटींबद्दल मराठी वाचकांना कुतूहल असणार, म्हणून थोडं सविस्तर. ब्राऊन बेससारख्या लष्करी मस्केटींच्या भारतीय प्रतिकृती अमेरिकेत ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणाऱ्यांत बऱ्याच दिसतात, कारण त्या इटालियन बंदुकीपेक्षा खूप स्वस्त पडतात. त्यातल्या अनेक कान न पाडता येतात, म्हणजे त्या रूपात ती उडवायची बंदूक नसून प्रतिकृती असते. कान मागाहून पाडला जातो. अशा नळीवर युरोपातल्यासारखा चाचणीचा शिक्का नसतो. काही विक्रेते स्वतः तपासून देतात, काही देत नाहीत. गोळी घालून उडवण्यासाठी पहिली बंदूक म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही. कारागिरी चांगली असेलही, पण नळी किती दाब सोसते याचा पुरावा हातात नसताना तिच्यामागे गाल टेकू नये.

एक मधला मार्गही आता निघाला आहे. ओहायोतल्या किबलरसारख्या कंपन्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी इतके नेमके सुटे भाग बनवतात की हत्यारांची थोडी सवय असलेला माणूस घरी बंदूक जुळवू शकतो. लॉक उत्तम असतं. ज्याला जुळवण्याचा धीर आहे त्याने महागड्या तयार बंदुकीच्या आधी याचा विचार करावा.

वापरलेली घेताना

वापरलेल्या बंदुकीला हात लावताच पहिलं काम, ती भरलेली नाही ना ते बघणं. ठासणीच्या बंदुकीत उघडून बघायला काही नसतं, आणि वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीतही जुना बार असू शकतो. फ्रिझन पुढे उलटवून वाटी रिकामी आहे ते पाहा. गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडापाशी बोटाने खूण धरा. गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशी ठेवून नळीच्या बाहेरून लावा. दुसरं टोक कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. इंच-दीड इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, आणि ते जाणकाराकडून काढून घेईपर्यंत बाकीची तपासणी बंद.

नळी रिकामी असेल तर आत बारीक दिवा सोडून चऱ्या बघा. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजनाचा घन अवशेष उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंड खातो. आळशी हातांत राहिलेल्या बंदुकीच्या नळीत म्हणून गंजाचे खड्डे पडतात. गजावर स्वच्छ चिंधी लावून फिरवा. ती सरळ गुळगुळीत गेली तर ठीक, जागोजागी अडखळली किंवा फाटली तर खड्डे आहेत. एखाद्या ठिकाणी गज अचानक सैल वाटला तर तिथे नळी फुगलेली असू शकते, म्हणजे कुणीतरी गोळी तळापर्यंत न ठासताच बार उडवला होता. अशी बंदूक नको.

परवान्याचं काय

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात ठासणीच्या अशा प्रतिकृतींना पुरातन शस्त्रांच्या व्याख्येत धरलं आहे, त्यामुळे त्या संघराज्याच्या पातळीवर आधुनिक बंदुकीसारख्या नोंदणीत येत नाहीत आणि बऱ्याच राज्यांत थेट घरपोच येतात. पण न्यू जर्सीसारखी राज्यं वेगळा नियम लावतात. आपल्या राज्याचा नियम आपणच वाचावा, दुकानदाराच्या शब्दावर राहू नये. इतर देशांत ही सूट गृहीत धरू नका.

बंदुकीच्या किमतीत न धरलेला खर्च

दारू मोजायचं माप, रंजकीची छोटी कुपी, गोळ्या, चकत्या, सुट्या गारगोट्या, मजबूत गज, कान साफ करायची तार, चुकून दारू न घालता गोळी ठासली तर ती काढायचं साधन, चष्मा आणि कानांचं संरक्षण. हे सगळं पहिल्याच दिवशी लागतं. दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू कधीही ओतू नका. आत विझायची राहिलेली ठिणगी असली तर हातातला अख्खा डबा उडेल. मापात घ्या, मापातून ओता. रंजक नेहमी सर्वांत शेवटी. उजव्या हाताला कुणी उभं राहू देऊ नका, कारण कानातून झोत त्या बाजूला निघतो. चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबा.

सफाई त्याच दिवशी व्हायला हवी. साधं किंवा साबणाचं पाणी पुरतं, अवशेषातले क्षार पाण्यात विरघळतात. मग कोरडी करून तेलाचा हात द्या. लॉक काढून तेही धुवायचं असतं, म्हणून ते एक-दोन स्क्रूंत सहज निघतं का हेही दुकानातच बघून घ्या.

बंदूक घरी आल्यावर

पहिल्या दिवशी नळी भरायची घाई करू नका. आधी नुसत्या ठिणग्या पाडा आणि गारगोटी पुढे-मागे, धार वर-खाली करून कुठे जास्त ठिणग्या पडतात ते शोधा. मग मोकळ्या जागी नळी रिकामी ठेवून फक्त वाटीत रंजक घालून पेटवा, दहा-वीस वेळा. वाटी पूर्ण भरायची नाही. प्रत्येक वेळी नेम धरून, आणि भडका विझेपर्यंत नेम न हलवता. यातून डोळ्याला भडक्याची सवय होते आणि लॉक खरंच भरवशाचं आहे की नाही हेही कळतं. बंदुकीत दोष निघाला तर एकही गोळी न उडवलेली बंदूक परत करणं किंवा बदलून मागणं सोपं जातं.

जवळपास ठासणीच्या बंदुकांचा क्लब असेल तर खरेदीच्या आधीच तिथे जा. अमेरिकेत १९३३ पासून नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन ही संस्था आहे, इंडियानातल्या फ्रेंडशिप इथे तिच्या मैदानावर मोठे मेळावे भरतात. तिथले लोक आपली बंदूक हातात देऊन चालवून दाखवायला मागेपुढे बघत नाहीत. एका दुपारी चार वेगवेगळ्या लॉकच्या ठिणग्या शेजारीशेजारी बघायला मिळाल्या, तर दुकानात गेल्यावर काय बघायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.